मीठ धरणारा टायर

मी एक टायर बोलतोय. खरं तर अर्धाच. बिश्केक शहरापासून डोंगरांपलीकडे, तलासच्या खोऱ्यात असानाली नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळाच्या अंगणात आडवा पडलोय आणि माझ्या पोटात मीठ आहे. पण माझेही मिरवायचे दिवस होते.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यातला. वेगाने पळणाऱ्या मोटारींसाठी मला घडवलं. रुंद छाती, बुटका काठ, मऊ रबर. तापल्या रस्त्यावर मी असा चिकटून धावे की वळणावर गाडी केसभरही सरकत नसे. मात्र उन्हाळा हाच माझा ऋतू. गारठ्यात माझं रबर लाकडासारखं कडक होतं आणि पकड सुटते. माझ्या पहिल्या मालकाला हे ठाऊक होतं. पानं पिवळी पडू लागली की तो मला उतरवून तळघरात ठेवी. मला त्याचा राग यायचा. अंधारात बसायला कुणाला आवडेल?

पुढे त्याने गाडी बदलली आणि आम्ही चौघे भाऊ फिरत फिरत बिश्केकला, जुन्या टायरांच्या बाजारात येऊन पडलो. तिथे एका सकाळी सिमिक आला. लग्न ठरलेला, नव्या काळ्या सेडानचा मालक. बरोबर त्याचा मामा होता, जुनाट व्हॅनवाला. सप्टेंबर सरत आला होता, तरी शहरात अजून ऊन होतं.

मामाने शेजारच्या जाड खाचांच्या, ओबडधोबड टायरांवर पाय ठेवला. "हे घे. नवरी तलासची आहे, वाटेत ओत्मोकचा घाट आहे. वर बर्फ कधी पडेल सांगता येत नाही."

"मामा, नवरी आणायचीय. मेंढ्या न्यायच्या नाहीत."

"तुझ्या बापाने तुझ्या आईला ट्रकमधून आणली. तिचं काही बिघडलं?"

"बिघडलं ना. अजून ट्रकसारखाच हॉर्न वाजवते."

दुकानदार पोट धरून हसला. मामाही हसला आणि तिथेच हरला. सिमिकने माझ्या अंगावरून हात फिरवला, बोटांनी माझी नक्षी चाचपली. मी फुशारून गेलो. हा पोरगा मला कुठे नेतोय हे मला कळायला हवं होतं, पण कौतुक झालं की माणसांसारखंच आमचंही भान सुटतं.

इकडे नवरी आणायला गाड्यांची रांगच निघते. फिती, फुगे, हॉर्न. नवरदेवाची गाडी सगळ्यांत पुढे. जाताना सगळं कोरडं होतं. तलासला बेगिमायच्या आईने लेकीचं कपाळ हुंगलं, "मागे वळून बघू नकोस" म्हणाली आणि दार लावलं. बेगिमाय पांढऱ्या पोशाखात मागच्या सीटवर बसली. तिच्या रजयांचे गठ्ठे मामाच्या व्हॅनमध्ये गेले.

परतताना घाटाच्या माथ्यावर पांढरा थर पडलेला होता. मामाने मागून दोनदा दिवे चमकावले. सिमिकने आरशात पाहिलं आणि म्हणाला, "मामाला घाई झालीय." मामा हळू जा म्हणत होता. मीही ओरडत होतो, पण टायरची ओरड रस्त्यापलीकडे कुणाला ऐकू जात नाही. उतार लागला, वळण आलं, आणि त्या वळणावर समोरून मेंढ्या.

उन्हाळी कुरणं सोडून कळप घाट ओलांडून तलासकडच्या गावांना निघाले होते. वर्षानुवर्षांची त्यांची वाट, आम्ही तिथले पाहुणे. सिमिकने ब्रेक दाबला. मी थांबलो, पण गाडी थांबली नाही. आयुष्यात पहिल्यांदा रस्ता माझ्या हातातून सुटला. गाडी आडवी होत दरीच्या कडेला सरकली आणि मेंढ्यांच्या गर्दीवर आदळून, माझी कूस एका दगडावर फाडून अडली. कळप तिथे नसता तर पुढे फक्त हवा होती.

असानाली घोड्यावरून उतरला. "आत कोण आहे?"

"नवरी," सिमिक कसाबसा म्हणाला.

"जिवंत आहे?"

"हो, बाबा."

"मग ठीक." म्हाताऱ्याने कमरेची सुरी काढली. तीन मेंढ्या तडफडत होत्या. त्यातल्या एकीच्या गळ्यात घंटा होती. तिच्याजवळ तो गुडघ्यावर बसला आणि त्याने ती घंटा सोडवून घेतली. "ही पुढे चालायची. बाकीच्या हिच्या मागे यायच्या."

दार उघडून बेगिमाय उतरली. बर्फात बसून तिने त्या मेंढीचं डोकं मांडीवर घट्ट धरलं. ती तलासची मुलगी, तिला काही सांगावं लागलं नाही. म्हाताऱ्याने बिस्मिल्ला म्हटलं. पांढरा पोशाख लाल झाला. सिमिक गाडीला टेकून लहान मुलासारखा रडत होता.

तिन्ही झाल्यावर असानालीने हात पुसले. "मांस घरी न्या. मरता मरता वाचलेल्याने देवाच्या नावाने जेवण घालायचं असतं. तुमच्या जागी यांचा बळी गेलाय."

"बाबा, मी तुम्हाला काय देऊ?"

"दरवर्षी थंडी पडायच्या आधी मिठाचा खडा घेऊन ये. आणि हळू ये."

बेगिमाय सासरी गेली ती मामाच्या व्हॅनमधून, रजयांवर बसून, शेजारी तीन मेंढ्या. तिने मागे वळून पाहिलं नाही. मला उतरवून त्यांनी गाडीला जादाचं चाक चढवलं आणि मी तिथेच राहिलो. असानालीने मला फाटक्याला उचलून कळपामागून येणाऱ्या सामानाच्या ट्रकवर टाकलं, घरी आणून मधोमध कापलं आणि माझी मेंढ्यांच्या मिठासाठी गव्हाण केली.

सिमिक दरवर्षी येतो, मामाची व्हॅन घेऊन. मिठाचा खडा स्वतःच्या हाताने माझ्यात ठेवतो आणि माझ्याकडे बघायचं टाळतो. त्याने माझ्यावर रागावू नये असं मला फार वाटतं. त्याने मला निवडलं तेव्हा मला जे येतं तेच त्याने पाहिलं. जे येत नाही ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगू शकलो नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. टायर घेताना आमच्या रूपावर जाऊ नका. कुठे जायचंय ते आठवा, आणि त्या वाटेने समोरून कोण चालत येतं तेही.

आज पहाटे पुन्हा बर्फ पडलं. थंडीने माझं अंग कडक झालंय. मेंढ्या आल्यात. त्यांच्या ऊन जिभा मीठ चाटता चाटता मलाही चाटतात. ती घंटा आता एका कोकराच्या गळ्यात आहे, आणि सगळ्यांत आधी तेच येतं.