लाल कयाकचा मत्सर करणारा डबा

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही एका खोल विहिरीच्या पायरीवर उभे आहात. खाली हिरवे, गार पाणी आहे. तुम्हाला पोहता येत नाही. पण तुमच्या पाठीला दोरीने एक पत्र्याचा डबा घट्ट बांधलेला आहे. मागून कुणीतरी म्हणते, "मार उडी, डबा हाय की!"

तो डबा म्हणजे मी. मी एक जुना, पोहायला शिकवणारा डबा आहे.

माझा जन्म बार्शीचा. आधी माझ्या पोटात करडईचे तेल होते. ते संपल्यावर मळ्याचे मालक चन्नवीर आजोबांनी मला पत्रे जोडणाऱ्या कारागिराकडे नेले. त्याने झाळ देऊन माझे तोंड कायमचे बंद केले, दोन बाजूंना दोरीसाठी कड्या लावल्या. आत उरली फक्त हवा. त्या हवेच्या जोरावर मी वैरागजवळच्या मळ्यातल्या विहिरीवर नोकरीला लागलो.

किती मुले माझ्या भरवशावर पाण्यात पडली! काही रडत यायची, काही उडी मारायच्या आधीच नाक धरायची. आजोबा वरून कानडीत ओरडायचे, "अंजब्याड!" म्हणजे भिऊ नकोस. पंधरा दिवसांत मूल पोहू लागले की मी दुसऱ्याच्या पाठीवर. आजोबा पाहुण्यांना सांगायचे, "ह्यो डबा न्हाय, मास्तर हाय आमचा." ते ऐकून मला फार बरे वाटायचे. पुढे मळ्यातली मुले शहरात गेली, आणि मी विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला लटकून गंजू लागलो.

मागच्या उन्हाळ्यात मात्र आजोबांची नात दानेश्वरी सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागातून मळ्यावर आली. तिला सगळे दानू म्हणतात. ती माझ्या आधाराने पोहायला शिकली. पण मला सोडून पाण्यात उतरायला ती काही तयार होईना. खरे सांगू? मला त्याचा आनंदच झाला.

दिवाळी मळ्यात करून दानू, तिची मैत्रीण शिवानी, वर्गातला नंदीश आणि दानूचे बाबा गुरुशांत असे चौघे कोलाडला निघाले. तिथे नदीच्या खळाळत्या पाण्यात कयाक नावाची लांबट, एकट्याने बसायची होडी चालवायला शिकायचे होते. निघताना आजोबांनी मला गाडीत ठेवले. "पाण्याकडं चाललाय, मास्तरला न्या की."

पण मित्रांनो, तिथे मला विचारतो कोण? माझी पाठीवरची जागा एका नारिंगी जाकिटाने घेतली. आणि ती लाल कयाक! गुळगुळीत, चकचकीत. तिला ना गंज, ना पोचा. "कसली पळतीया बघ!" असे म्हणत मुले तिला दिवसभर कुरवाळायची. संध्याकाळी तिला फडक्याने पुसायची. मी गाडीच्या सीटखाली पडून ते बघायचो आणि जळायचो. हिने आजवर कुणाला पोहायला शिकवले आहे, असे मनात म्हणायचो.

चौथ्या दिवशी शिकवणारे अजिंक्य सर म्हणाले, "उद्या शेवटचा दिवस. मोठ्या खळाळातून जायचं. पण कयाक उलटली तर बाहेर येता आलं पाहिजे. आज संध्याकाळपर्यंत जमलं तरच उद्या पाण्यात."

कयाकमध्ये बसले की कमरेभोवती एक रबरी झाकण घट्ट बसवतात. होडी उलटली की पुढे वाकायचे, झाकणाची पट्टी ओढायची आणि घसरत बाहेर यायचे. नंदीशला पहिल्याच वेळी जमले. शिवानी ठसकत का होईना, बाहेर आली. दानू मात्र होडी कलताच किंचाळायची.

"उद्या काठावरून आमचे फोटो काढ की," नंदीश म्हणाला.

"तुझे काढायला कॅमेरा फुटका लागंल!" दानू म्हणाली खरी, पण तिचे डोळे भरले होते. पाच दिवसांची सहल, आणि शेवटचा दिवस तिला काठावर बसून काढावा लागणार होता. मी सीटखाली खूश झालो. भिऊ दे, असे मला वाटले. भ्याली तर तिला माझी आठवण येईल.

आणि आली! दुपारी ती गुपचूप गाडीकडे आली. विहिरीवर बांधायची तशीच तिने मला कमरेच्या मागे बांधले आणि वरून बाबांचा ढगळ शर्ट घातला. कयाकमध्ये बसल्यावर मी तिच्या मागच्या पोकळीत सरकलो. कयाकला मनात म्हणालो, बघ, शेवटी कोण लागले!

अजिंक्य सरांनी कमरेएवढ्या पाण्यात होडी उलटवली. या वेळी दानू किंचाळली नाही. ती पुढे वाकली, तिने पट्टी ओढली, झाकण निघाले. ती बाहेर येऊ लागली आणि मी होडीच्या तोंडाच्या कडेला अडकलो.

तिने पाय झाडले. मी हलेना. विहिरीत ज्या दोरीने मुलांना वर ठेवले, तीच दोरी आता तिला पाण्याखाली धरून होती. मित्रांनो, तेवढ्या चार क्षणांत माझा सगळा मत्सर संपला. मला एकच हवे होते, तिने सुटावे.

सरांनी झटकन होडी सरळ केली. दानू खोकत होती. तिला सावरून झाल्यावर सरांनी शर्ट वर केला आणि ते बघतच राहिले.

"डबा? अगं, मीपण बार्शीकडचाच. ह्यावरच शिकलो मी. पण विहिरीचं पाणी जागेवर असतं, तिथं डबा चालतो. हितं अंगाला काही बांधलेलं नको. हितं सुटता आलं पाहिजे."

"बास झालं, दानू," बाबा काठावरून म्हणाले. "उद्या माझ्याजवळ बस."

दानूने ओल्या दोरीची गाठ दातांनी सोडवली. मला खडकावर ठेवले आणि म्हणाली, "सर, परत उलटी करा."

होडी उलटली. मी मोजू लागलो. एक, दोन, तीन. लाल होडीशेजारी एक काळे डोके वर आले. नंदीशने सगळ्यांत मोठ्याने शिट्टी मारली.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणी जुने खिळ्याला लटकत असेल. त्याला कधीतरी पुसा, तेलाचा हात लावा, गंजू देऊ नका. पण त्याचे काम झाले की त्याची गाठ सोडायला भिऊ नका. तुम्ही आमच्याशिवाय तरलात, तर आम्ही चांगले शिकवले असे समजू.

शेवटच्या दिवशी सकाळी धरणाचे पाणी सुटले आणि नदी पांढरी झाली. मी काठावर बाबांच्या मांडीवर होतो. त्यांनी मला इतके आवळून धरले होते, की मला आणखी एक पोचा आला. पहिल्याच मोठ्या लाटेत दानूची कयाक उलटली. बाबा उठून उभे राहिले. दानू फेसातून वर आली, होडीची कड धरून पोहत काठाला लागली. तिने कयाक उपडी करून आतले पाणी ओतले, तोंडावरचे केस मागे सारले आणि पुन्हा आत बसली.