मदर टिस्डेलना मासे दिसले

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी दारावर उभं राहून लोकांना जागा दाखवणाऱ्या बायका नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत असतात. मी बावीस वर्षं उभी राहिले. गेलं वर्षभर मात्र दर पहिल्या रविवारी माझं डोकं दुखायचं, गुडघा धरायचा, एकदा तर टेक्सासची मावशी वारली. मावशी ठणठणीत आहे. खरं म्हणजे महिन्यातले पंधरा दिवस माझ्या अंगावरून धो धो जायचं, आणि तशात पांढरं घालायची माझी छाती नव्हती.

पोट वाढलं होतं. रक्त इतकं कमी, की त्यापायी बर्फाची तलफ यायची आणि दिवसभर मी तो कडाकडा चावत असे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फायब्रॉइड. गर्भपिशवीत गाठी आहेत, त्यातली मोठी खरबुजाएवढी. कॅन्सर नाही; पण गोळ्या घेऊन झाल्या, आता पिशवीच काढू." दोनदा मी तारीख घेतली, दोनदा मोडली. घरी न्यायला कुणी असल्याशिवाय हॉस्पिटल हात लावेना. मी एकटी. असल्या कामाला कुणाला बोलावणार?

अशात मदर टिस्डेलना स्वप्नात मासे दिसले. चर्चमधली ही सर्वांत वडीलधारी बाई. आणि मासे दिसले की ओळखीतलं कुणीतरी गरोदर, हे आमच्याकडे सोनोग्राफीपेक्षा पक्कं. मदरनी बायकांवरून नजर फिरवली. पोट, बर्फ, पांढऱ्या रविवारी दांडी. नजर माझ्यावर थांबली.

"डेल्फीन, कितवा महिना?"

"मदर, मी सत्तेचाळीसची आहे!"

"बायबलातली सारा नव्वदाव्या वर्षी बाळंत झाली."

आठवड्यात बापही सापडला. डीकन प्रुइट, चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, अडुसष्ट वर्षांचे विधुर. त्यांनी एकदा माझं कलिंगड गाडीपर्यंत उचललं होतं. आधी ते शपथेवर नाही म्हणाले. पुढच्या रविवारी नवी हॅट घालून आले.

शनिवारी खुर्च्या लावायच्या म्हणून मला हॉलमध्ये बोलावलं. बघते तर फुगे, केक, विणलेले इवलेसे मोजे, आणि भिंतीवर तक्ता: बाळाचं वजन ओळखा.

"बाळ नाहीये!" मी ओरडले. "गाठी आहेत. मंगळवारी ऑपरेशन आहे, आणि तेही मी मोडणार आहे, कारण मला घरी आणायला कुणी नाही!"

मदरनी हातातले मोजे खाली ठेवले.

"केवढी गाठ?" मदरनी विचारलं.

"खरबुजाएवढी."

"माझी मोसंबीएवढी होती," केक कापणारी रोझेल हळूच म्हणाली.

"माझ्या सात. द्राक्षं."

"मी दोन वर्षं पियानोच्या स्टुलावर टॉवेल अंथरून बसले, बाई!"

हॉलचा फळबाजार झाला. इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसलो, पण कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

"म्हणजे माझं काहीच नाही?" डीकन प्रुइट हिरमुसले.

"तुम्ही मंगळवारी गाडी आणा," मदर म्हणाल्या.

तक्ता कुणी काढला नाही. 'बाळाचं' खोडून 'पिशवीचं' लिहिलं, एवढंच.

मंगळवारी मी शुद्धीवर आले तेव्हा पलंगाभोवती चर्चमधल्या पाचजणांच्या हॅट होत्या.

"तीन पौंड दोन औंस," रोझेलनं जाहीर केलं.

डीकन जिंकले. बक्षिसाचे मोजे त्यांच्या गाडीच्या आरशाला अजून लटकतात. त्याच गाडीतून मी घरी आले, आणि दोन आठवडे पाळीपाळीनं कुणी ना कुणी माझ्या सोफ्यावर घोरत होतं.

दोन महिन्यांनी, पहिल्या रविवारी, मी पांढरा पोशाख चढवला. दारात उभी राहिले खरी, पण सवयीनं दर मिनिटाला मान वळवून पोशाखाची मागची बाजू बघत होते.

"काही नाही गं मागे," मदर टिस्डेल पुटपुटल्या. "मी बघतेय. तू पुढे बघ, लोक खोळंबलेत."