मानेची सवय

ताईने बारा वर्षं होडी वल्हवली. वल्हवणारा उलटा बसतो: पाठ शेवटच्या रेषेकडे, तोंड मागे पडलेल्यांकडे. दर दहा वल्ह्यांनी मान वळवून मार्ग पाहायचा, एवढंच पुढचं दर्शन. मग कमरेतली चकती सरकली, डॉक्टरांनी तिचं वाकून बसणं बंद केलं आणि ती उभ्याने करायच्या खेळाकडे, स्कीइंगकडे वळली. डोंगरावरून घसरायचं नव्हे. लांब पल्ल्याचं, दोन काठ्यांनी स्वतःला बर्फावरून रेटत न्यायचं. खांदे तयारच होते. मान ऐकेना.

दर दहा रेट्यांनी ती मागे बघायची. बघितलं की पायातली एक स्की बर्फात आखलेल्या चरीतून बाहेर जायची. प्रशिक्षकांनी मोजायचं काम मला दिलं. पहिल्या फेरीत सव्वीस वेळा.

"मागे काय सांडलंय तुझं?" त्यांनी तिला विचारलं.

निवड शर्यतीआधीचा आठवडा ती माझ्याकडे राहिली. सात जणींतून चौघी संघात जाणार होत्या. नाहीतर बत्तिसाव्या वर्षी दुसऱ्यांदा खेळ सोडायचा. तिला एका जागी बसवेना. दात घासत खोलीभर फिरायची, जेवताना टेबलाखाली पाय रेटायची. आईने फोनवर विचारलं, हिच्या पायाला भिंगरी लागलीय का. मी म्हटलं, पायाला नाही, मानेला.

"होडीत मागे टाकलेल्या सगळ्या समोर दिसायच्या गं," ताई म्हणाली. "इथे जिंकत असले तरी कळत नाही."

शर्यतीच्या दिवशी मी शेवटच्या चढाच्या माथ्यावर, रेषेशेजारी उभी होते. तिघी गेल्या. मग ताई दिसली, चेहरा भेदरलेला. मानेची शीर दोनदा ताणली गेली, पण मान वळली नाही. मला दिसलं तेवढ्यात शून्य वेळा. रेषा ओलांडूनही ती रेटतच राहिली. प्रशिक्षकांनी काठ्या धरून तिला थांबवलं.

"ती अगदी टाचेशी होती ना?" ताईने विचारलं.

"कोण? पाचवी अजून चढाला लागलीही नाही."

"मग मागे फडफडत काय होतं?"

त्यांनी तिच्या पाठीवरचं नंबराचं कापड धरून दाखवलं. एक पिन सुटली होती.

तेव्हा कुठे ती वळली, आणि रिकाम्या चढाकडे बराच वेळ बघत राहिली.

परतताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा सोडून ती समोरच्या उलट्या सीटवर बसली. इथे तरी बघू दे, म्हणाली. पाय माझ्या सीटला रेटतच होते.