मेंढरांचं आमेन

शिरूरच्या चर्चमधला क्वायर बंद करावा की चालू ठेवावा, हा विषय पंच कमिटीपुढे तीन वर्षं होता आणि कमिटीने तीन वर्षं त्यावर चहा घेतला होता. क्वायरमध्ये माणसं अकरा. त्यांतलं सगळ्यांत कोवळं एकोणसाठ वर्षांचं. मास्तर बन्यामीन बहात्तरचे, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. त्यांच्या पत्नी मार्थाबाई आल्टो, म्हणजे मधली पट्टी, गायच्या. वरच्या पट्टीला एस्थरबाई होत्या. त्यांनी एकदा सूर धरला की तो कधी सोडायचा हे त्या आणि परमेश्वर ठरवत. खालच्या पट्टीला, म्हणजे बेसला, एकटे स्टीफन. मार्थाबाईंचे धाकटे भाऊ, रेल्वेचे रिटायर्ड गार्ड. राहायला दौंडला, पण दर रविवारी एसटीने शिरूरला यायचे, कारण ते आले नाहीत तर क्वायरला तळमजलाच राहत नसे.

समोरच्या बाजूला तरुण संघ होता. त्यांच्याकडे कीबोर्ड, ड्रमसेट, दोन गिटार आणि एंजल होती. एंजल बन्यामीन मास्तरांची सख्खी नात. रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला होती, आणि तिथली नजर घेऊनच चर्चमध्ये बसायची.

"आजोबा, तुम्ही चांगलं गाता. पण लोक झोपतात."

"देवाच्या घरात झोपतात ना? बाहेर जाऊन तर झोपत नाहीत?"

"घोरतात."

"घोरण्याला पण लय असते. तुझ्या ड्रमवाल्याला नाही."

शेवटी जानेवारीत कमिटीने ठराव केला. क्वायरने ईस्टरच्या आत काही 'उल्लेखनीय कार्य' करून दाखवावं, अन्यथा ईस्टरपासून उपासनेचं संगीत तरुण संघाकडे जाईल आणि क्वायर विसर्जित होईल. उल्लेखनीय कार्य म्हणजे काय, हे ठरावात नव्हतं. कमिटीचे सेक्रेटरी एबनेझर जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. ठरावात व्याख्या घातली की ठराव कमजोर होतो, असं त्यांचं पस्तीस वर्षांच्या नोकरीतून बनलेलं मत होतं.

बन्यामीन मास्तरांनी ठराव घडी करून गीतांच्या पुस्तकात ठेवला. त्या दिवसापासून त्यांना जेवण जाईना. एकतीस वर्षं त्यांनी हा क्वायर उभा केला होता. मेलेल्यांच्या जागी नवे बसवले होते, नवे मेल्यावर त्यांच्या जागी आणखी नवे.

उल्लेखनीय कार्य आणलं ते एंजलनेच. तिला आजोबांना हरवायचं होतं, पण असं ठरावाने रद्द करून नाही. तिच्या कॉलेजातला सत्यजीत पुण्यात एका कार्टून सिनेमाच्या साउंडवर काम करत होता. सिनेमाचं नाव 'ठिपक्या'. उसात जन्मलेलं बिबट्याचं पिल्लू, त्याला मटण आवडत नाही, ऊस आवडतो, अशी कथा. निर्माते कवठे येमाईचे हौसराव. त्यांची थोडी जमीन एमआयडीसीत गेल्यावर त्यांनी आधी पोल्ट्री केली, मग डंपर घेतले, मग राजकारण केलं. एवढं सगळं करून झाल्यावर माणसाला कार्टून सुचतं.

सिनेमात गाणी सात. बिबट्याचा आवाज मुंबईच्या एका मोठ्या गायकाचा. त्याने दोन गाणी चाळीस मिनिटांत गायली आणि जाताना दारात विचारलं, प्राणी कोणता होता? कावळ्याचं रॅप पिंपरीच्या एका पोराने केलं होतं. कोल्हीणबाईंची लावणी नारायणगावकडच्या बाईंनी अशी म्हटली होती की पुढे सेन्सॉरवाल्यांनी कोल्हीण तीनदा पाहिली. उसाच्या मोळीला खुद्द हौसरावांचा आवाज होता. मोळी सिनेमात एकदाच बोलते, "आगं आगं आगं." अडलं होतं फक्त मेंढरांपाशी. पुण्याच्या प्रोफेशनल कोरसने मेंढरं गाऊन दिली होती. ती ऐकून हौसराव म्हणाले होते, "ही मेंढरं पगारी वाटत्यात. खरी भ्यालेली पायजेत."

एका शनिवारी हौसराव आणि सत्यजीत चर्चमध्ये आले. हौसरावांनी चपला बाहेर काढल्या, त्या काढायच्या असतात की नाही ते कुणीच सांगितलं नाही. मार्थाबाईंनी चहा दिला.

"मास्तर, रागावू नका," हौसराव म्हणाले. "पर रोल मेंढरांचा हाय."

"त्यात रागवायचं काय?" बन्यामीन मास्तर म्हणाले. "आम्ही दीडशे वर्षं मेंढरंच आहोत. पाळकसाहेब दर रविवारी सांगतात."

"मेंढपाळ कोण करतंय?" स्टीफननी विचारलं.

"मेंढपाळ न्हाई ठिवला. उगं एक क्यारेक्टर वाढतंय."

"मग बिबट्या येणारच की."

"आवो, त्योच तर शिणेमा हाय!"

पडद्यावर नावं येतील असं सत्यजीतने सांगितलं, आणि बन्यामीन मास्तरांनी त्याच दिवशी रात्री पोटभर भाकरी खाल्ली.

रेकॉर्डिंग चर्चमध्येच ठरलं. एंजल मागच्या बाकावर येऊन बसली. गाणं असं होतं: बिबट्या पहिल्यांदा उसातून बाहेर डोकावतो आणि अकरा मेंढरं एकमेकांना चिकटून गातात,

ऊस हलतो, वारा नाही,
पळायाला थारा नाही.

मास्तरांनी ते चार आवाजांत बसवलं. भीती इतकी सुरेल झाली की सत्यजीतने हेडफोन काढून पाहिलं, खरंच हीच माणसं गातायत का. शेवटची ओळ झाली, मास्तरांनी बोट खाली आणलं, आणि अकराही जणांनी डोळे मिटून, चार आवाजांत, सावकाश म्हटलं, "आऽऽमेन."

सत्यजीतने रेकॉर्डिंग थांबवलं.

"एकदम भारी," सत्यजीत म्हणाला. "फक्त ते शेवटचं नको."

"शेवटचं कोणतं?"

"आमेन."

"म्हटलं का आम्ही?" एस्थरबाईंनी मार्थाबाईंना विचारलं.

यात कुणाची लबाडी नव्हती. या क्वायरमध्ये गीत कोणतंही असो, लग्नाचं, मयताचं, नाताळचं, त्याच्या शेवटी आमेन येतंच. एकतीस वर्षं येत होतं. गायकांच्या लेखी ते गाण्यानंतरचं काही नव्हतंच, गाणं संपतं ते तिथेच.

दुसऱ्या वेळी मास्तरांनी आधी बजावलं. तिसऱ्या वेळी हात खिशात घातले, म्हणजे बोट दिसायला नको. बोट न दिसताही आमेन वेळेवर आलं. चौथ्या वेळी एस्थरबाईंना तोंडात पेपरमिंट धरायला दिलं. आमेनला पेपरमिंटचा वास तेवढा आला. सहाव्या वेळी सगळे महत्प्रयासाने गप्प राहिले. माना ताठ, ओठ घट्ट, स्टीफनच्या कपाळावर शीर उभी. सत्यजीतने अंगठा वर केला, तोच मागून मार्थाबाई एकट्याच हळूच म्हणाल्या, "आमेन."

"अगं!" मास्तर म्हणाले.

"कुणीतरी म्हणायला नको का? असं उघडं ठेवायचं?"

"राहू द्या," सत्यजीत म्हणाला. "एडिटला कापतो."

एडिटला कापता येईना. शेवटचा सूर संपायच्या आधीच स्टीफन आमेनचा खालचा सूर धरून बसलेले असत. गार्डाची सवय, गाडी सुटायच्या आधी चढायचं. तिथे कात्री लावली की मेंढरांची वीज गेल्यासारखी व्हायची. उलट आमेन ठेवलं तर चित्राशी ते असं जुळत होतं की बस. बिबट्या समोर, मेंढरांचे डोळे मिटलेले, आणि आमेन. सत्यजीतने दोन दिवस बसून अकरा मेंढरांची तोंडं आमेनप्रमाणे उघडली आणि हौसरावांना दाखवली.

हौसराव तडक शिरूरला आले. या वेळी चपला काढल्या नाहीत.

"मास्तर, ह्ये काय केलं? निवडणुका आल्या माझ्या तोंडावर!"

"सवय आहे हो."

"तुमची सवय, पर मेंढरं माजी हायत! कवठ्यात काय सांगू? मेंढरं धनगराची, ऊस माजा, आन् आमेन कुणाचं? लोक म्हणतील हौसरावानं मेंढरं बाटवली!"

"मग परत गाऊ," मास्तर म्हणाले. हे म्हणताना त्यांना काय वाटलं ते फक्त मार्थाबाईंना दिसलं. "आमेनशिवाय."

"जमंल?"

सगळ्यांनी स्टीफनकडे पाहिलं. स्टीफननी छताकडे पाहिलं.

"न्हाई जमणार," हौसराव म्हणाले. "आता ऐका. दौंडला ट्रायल ठिवलीय, रेल्वे कॉलनीच्या हालमधी. आमेन कापून दाखवायचं. चाललं तर तुमी. न्हाई चाललं तर पगारी मेंढरं."

दौंडच का, यालाही हौसरावांचा हिशेब होता. दौंड जंक्शन. कॉलनीत तमिळ पोरं, बिहारी पोरं, बंगाली पोरं. दौंडला चाललं ते कुठंही चालतं, असं ते म्हणत. आणि त्यांच्या डंपरचे ड्रायव्हर याला दुजोरा देत.

ट्रायलला क्वायर शेवटच्या रांगेत बसला. मास्तरांनी सर्वांना दटावलं होतं, आपण प्रेक्षक आहोत, गप्प बसायचं. हॉलमध्ये दीडशे पोरं होती. कावळ्याच्या रॅपला ती खुर्च्यांवर चढली. कोल्हिणीच्या लावणीला त्यांचे वडील नीट सरसावून बसले. मोळी "आगं आगं आगं" म्हणाली तेव्हा एकट्या कस्तुराबाई, हौसरावांच्या पत्नी, मोठ्याने हसल्या. त्यांना आवाज ओळखीचा वाटला.

मग मेंढरं आली. ऊस हलला. दीडशे पोरं गप्प झाली. पळायाला थारा नाही, म्हणता म्हणता कात्रीची जागा आली आणि आवाज कापल्यासारखा बंद झाला. पडद्यावर मेंढरांची तोंडं उघडी, आवाज नाही. पुढच्या रांगेतली एक छोटी मुलगी किंचाळली, "खा गया! सबको खा गया!" आणि रडायला लागली. तिचं ऐकून तिची रांग रडायला लागली. मेंढरांची अजून दोन सेकंदं उरली होती.

आणि अंधारात, शेवटच्या रांगेतून, चार आवाजांत, सावकाश, "आऽऽमेन" आलं.

दीडशे डोकी मागे वळली. अकरा म्हातारी माणसं डोळे मिटून बसली होती. त्यांतल्या एकाने डोळे उघडले, समोर दीडशे चेहरे पाहिले आणि जीभ चावली. ते बन्यामीन मास्तर होते.

रडणारी मुलगी आधी हसली. मग हॉल हसला. मग कुणीतरी ओरडलं, "फिर से!" आणि सत्यजीतने कुणालाही न विचारता सीन मागे घेतला. दुसऱ्या वेळी आमेन शेवटच्या रांगेने म्हटलं, तिसऱ्या वेळी सगळ्या हॉलने. तमिळ पोरांचा बेस चांगला होता, असं स्टीफनचं मत पडलं.

हौसराव डोकं धरून बसले होते. कस्तुराबाई पदराने डोळे पुसत होत्या.

"ऱ्हाऊ द्या आमेन," त्या म्हणाल्या.

"आगं, लोक म्हणतील..."

"लोक म्हणतील मेंढरं भ्याली. भ्याल्यावर कोण कुणाचं नाव घेतं, त्ये इचारत बसतं व्हय कुणी? तुमी मागच्या विलेक्शनला मोजणीच्या दिवशी दर्ग्यात जाऊन आला, मी काय बोलले का?"

हौसराव एवढंच म्हणाले की हळू बोल. आमेन राहिलं. समतोल म्हणून त्यांनी त्याच सीनमध्ये एक बोकड घातला. मेंढरांचं झालं की बोकड मागून "येमाईच्या नावानं चांगभलं" म्हणतो. आवाज त्यांचाच. शिरूर तालुक्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला.

सिनेमा ईस्टरच्या दहा दिवस आधी लागला. मास्तर, मार्थाबाई आणि एंजल पहिला खेळ पाहायला गेले आणि दिवे लागल्यावरही नावं संपेपर्यंत उभे राहिले. बिबट्याखाली मुंबईच्या गायकाचं नाव मोठ्या अक्षरांत आलं. कावळ्याचं आलं, कोल्हिणीचं आलं, मोळीचं आणि बोकडाचंही आलं. मग आलं, 'मेंढरं १ ते ११: शिरूर.' आणि पडदा काळा झाला.

एंजलने सत्यजीतला फोन लावला. अकरा नावं एका ओळीत मावत नव्हती, असं त्याने सांगितलं.

त्याच शनिवारी पंच कमिटीची सभा भरली. क्वायर एका बाजूला बसला, तरुण संघ दुसऱ्या. एबनेझरसाहेबांनी पडद्याचा फोटो मागवून घेतला, चष्मा पुसला आणि वाचला.

"यात क्वायरचा उल्लेख कुठे आहे?"

"मेंढरं म्हणजे आम्हीच," बन्यामीन मास्तर म्हणाले.

"मास्तर, मला मान्य आहे हो. पण कार्य उल्लेखनीय पाहिजे, आणि उल्लेखनीय म्हणजे उल्लेख पाहिजे. शिरूरला मेंढरं काय कमी आहेत? उद्या कुणीही येऊन म्हणेल, मी मेंढरू."

पाळकसाहेब काहीतरी बोलणार होते, पण त्यांनाही मुद्दा कायदेशीर वाटला. मास्तर उभे होते. खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. तरुण संघाच्या बाकावर ड्रमवाल्याने एंजलला कोपराने ढोसलं. झालं, ईस्टर आपला.

एंजल उठली.

"मी रेकॉर्डिंगला होते. सहाही वेळा. एक नंबर आजोबा. पाच नंबर आजी. सात एस्थरआजी, पेपरमिंटसकट. अकरा नंबर स्टीफनआजोबा, ते सगळ्यांच्या आधी सुरू होतात. मी लेखी देते."

"तुमच्या संघाच्या विरुद्ध जाईल ते," एबनेझर म्हणाले.

"माल ओके असेल तर मी रिजेक्ट मारत नाही," एंजल म्हणाली आणि बसली. ड्रमवाला तिच्याशी पुढे आठवडाभर बोलला नाही, त्यामुळे त्या आठवड्यात तालीम बरी झाली.

एबनेझरसाहेबांनी साक्ष नोंदवली, पेनाचं टोपण काढलं आणि ठराव लिहिता लिहिता मोठ्याने वाचला: "सदर मेंढरे क्रमांक एक ते अकरा ही या मंडळीचीच असल्याची खात्री पटल्याने, त्यांस पुढील ठराव होईपर्यंत कायम ठेवण्यात येत आहे. महिन्याचा दुसरा रविवार तरुण संघास देण्यात यावा. सूचक, अनुमोदक, मंजूर."

मग वही फिरवून मास्तरांपुढे ठेवली.

"सही करा. आणि कंसात क्रमांक लिहा, नाहीतर ऑडिटला लागेल."

बन्यामीन मास्तरांनी सही केली, क्रमांक लिहिला आणि वही मार्थाबाईंकडे सरकवली. त्यांनी पेन घेतलं, पण लिहीनात.

"पाच कशी मी?" त्या म्हणाल्या. "लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. मधे ही तिघं कोण?"