नारळाचा कौल

"घेतला! दर्याने घेतला!" किनाऱ्यावर एकच जयघोष उठला. सलिलने फेकलेला नारळ डुलत डुलत खोल समुद्राकडे निघाला होता, आणि दर्यानाथ महाराज आपल्या पिवळ्या झेंड्याला टेकून असे हसत होते, जणू समुद्राला पगार तेच देतात.

"ज्याचा नारळ दर्या घेतो, त्याला दर्या बुडवत नाही! ज्याचा परत येतो, त्याने पाण्यात पाय घातला की घर बुडालंच!"

समृद्धी वाळूत बसून दातओठ खात होती. डोंबिवलीची ही मंडळी दर रविवारी या निवांत किनाऱ्यावर पोहायला यायची आणि त्यांत सगळ्यांत तरबेज तीच. पण मध्येच हे महाराज उगवले आणि हिने भर गर्दीत विचारलं, "महाराज, तुम्हाला पोहता येतं का?" झालं! महाराजांनी तिला झेंड्यापासून लांब, सुरूच्या झाडांपाशी उभं केलं. तिचा नारळ लाटेने परत तिच्याच पायाशी आणून टाकला. सासूबाईंनी, गंगुबाईंनी, तिथल्या तिथे शपथ घातली, "पाण्यात उतरलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील!" तेव्हापासून तिने नुसते सगळ्यांचे कपडे सांभाळायचे. समोर अख्खा समुद्र आणि आपण डालग्याखालची कोंबडी! जीव गुदमरायचा तिचा.

बसल्या बसल्या करणार काय? ती पाणी बघायची. दोन्हीकडे लाटा फुटतात, झेंड्यासमोर मात्र गुळगुळीत पट्टा, आणि त्यातून फेस, काटक्या, सगळं आत जातंय. आज तिला उलगडा झाला आणि ती ताडकन उठली. सलिल, तिचा धाकटा दीर, नेमका तिथूनच पाण्यात शिरत होता.

"भाऊजी, तिथून नको! ओढ आहे तिथे!"

"वहिनी, टेन्शन नको घेऊ! दर्याने पास केलंय आपल्याला!"

बघता बघता तो लांब गेला. किनाऱ्याकडे हात मारत होता आणि मागेच जात होता. "आई!" अशी हाक आली. महाराज मंत्र पुटपुटत दोन पावलं मागे सरकले.

समृद्धीने कपड्यांपाशी पडलेला पोहायचा तरंगता फुगा कमरेला बांधला. गंगुबाईंनी तिचा हात धरला. "अगं, शपथ..."

"शपथ मोडल्याचं पाप माझं. हात सोडा, आई!"

हात सुटला. त्याच ओढीने तिला सलिलपाशी नेलं. "फुगा धरा! पाण्याशी भांडू नका, आडवे चला!" किनाऱ्याला समांतर पोहत दोघं सुरूंसमोर आले, आणि तिथल्या लाटांनी त्यांना वाळूवर आणलं, तिच्या नारळासारखंच.

"दर्याची लीला!" महाराज पुन्हा पुढे झाले.

धापा टाकत समृद्धीने त्यांच्या पोत्यातले दोन नारळ उचलले. झेंड्यापासून फेकलेला आत गेला. सुरूंपासून फेकलेला परत आला.

"माणूस तोच, पुण्य तेवढंच. बदलली ती जागा! लाटांनी आणलेलं पाणी या खोलगट वाटेने परत जातं. महाराज फक्त कोणाला कुठे उभं करायचं ते ठरवतात."

महाराज पोतं आवळू लागले. सलिलला कुशीत घट्ट धरून बसलेल्या गंगुबाई कडाडल्या, "थांबा! माझ्या सुनेचा प्रश्न राहिलाय. पोहता येतं का तुम्हाला? उतरा की झेंड्यापासून पाण्यात!"

"आज तिथी बरी नाही..." म्हणत महाराज निघालेच. कोणीतरी रागाने झेंडा उपटायला धावलं.

"राहू दे तो," समृद्धी म्हणाली. "त्याच्यावर लिहा, 'इथून पाण्यात उतरू नका.' आणि डोळे उघडे ठेवून बघत जा, विचारत जा. विचारलं म्हणून घर बुडत नाही. न विचारता मात्र आज आपलं बुडत होतं."