बुवांसाठी बारा मीटर केबल

या, जरा पुढं सरका. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही सतरंजीच्या या टोकाला यावं, म्हणजे मला घसा ताणावा लागणार नाही. देवाच्या कृपेनं घटकाभर सवड मिळाली आहे, तर मनीषनगरातल्या चंपतरावांच्या घरी एका केबलनं काय गंमत उडवून दिली, ते सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा. चंपतराव स्वतःच ती गोष्ट सांगताना हसून डोळे पुसतात.

चंपतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पण त्यांची खरी नोकरी वेगळीच. छत्तीस वर्षं ते शालिकरामबुवांच्या कीर्तनात मागं उभं राहून झांज वाजवत आले. बुवांचं कीर्तन म्हणजे काय सांगू! पूर्वरंगात डोळ्यांना पाणी, उत्तररंगात पोट धरून हसणं. आणि शेवटी, आरतीच्या आधी, न चुकता एक वाक्य: "ज्यानं सतरंज्या घातल्या, ज्यानं कर्णा बांधला, त्याची आठवण ठेवा. माझं नाव विसरलात तरी चालंल."

गेल्या वर्षी बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. आता तोंडाशी कान नेला तर कुजबुज तेवढी कळते. सोमवारच्या गाडीनं ते लेकीकडे रायपूरला जाणार होते, कायमचे. त्याआधी रविवारी चार वाजता चंपतरावांकडे चहाला येण्याचं त्यांनी कबूल केलं होतं.

चंपतरावांनी त्या चहामागं एक बेत लपवला होता. प्रताप नगरच्या देवळातल्या एका जुन्या कीर्तनाची व्हिडिओ कॅसेट त्यांच्याकडे होती. सुनेनं, मिनलनं, ती पेन ड्राइव्हवर उतरवून आणली. बुवांनी जन्मभर कीर्तन केलं, पण स्वतःचं समोर बसून कधी ऐकलं नव्हतं. एकदा त्यांना श्रोता करायचं! मुलगा सुशीलनं सिनेमासाठी मोठा पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन ठेवला होताच. तो कामासाठी परगावी. जाताना सगळं बसवायचं काम वायरिंग करणाऱ्या प्रशिककडे सोपवून गेला होता.

प्रशिक म्हणजे कामात चोख माणूस. शनिवारी सकाळी आला, सुशीलनं ऑनलाइन मागवलेल्या केबलचं वेटोळं हातात घेतलं आणि मान हलवली.

"काका, दोन मीटरसाठी ही चांगली हाय. पण पडद्याजवळच्या, पेन ड्राइव्ह लावायच्या पेटीपासून मागच्या प्रोजेक्टरपर्यंत बारा मीटर होते. एवढ्या लांब तांब्याच्या तारेत चित्र रस्त्यातच थकते."

"मग न थकणारी घे ना गा! चाल, मी येतो तुह्यासंगं."

दोघं स्कूटरवर महाल भागातल्या एका दुकानात गेले. दुकानदारानं सोनेरी टोकांची, चकचकीत डब्यातली केबल पुढं केली. प्रशिकनं डब्याकडं पाहिलंही नाही. आत काचेचे तंतू असलेली केबल मागितली, तिच्यावरचं प्रमाणपत्राचं लेबल मोबाइलवर तपासलं, कोणतं टोक पेटीकडे आणि कोणतं प्रोजेक्टरकडे ते चंपतरावांना दाखवलं. "उलटी लावली का अंधार," म्हणाला. मग दुकानातल्या टीव्हीला जोडून अर्धा तास पाहत बसला.

दुकानदार म्हणाला, "काय भाऊ, केबल पाहून राहिले का सोयरीक जमवून राहिले?"

"सोयरीकच समजा," चंपतराव म्हणाले. "नवरदेव उद्या चार वाजता येते."

एक ठिपका नाही, एक झटका नाही. केबल पास झाली.

आता चंपतरावांच्या घरची एक रीत सांगितली पाहिजे. नवी वस्तू देवाला दाखवल्याशिवाय वापरायची नाही. बाकीचे लोक कुंकू लावतात; हे कीर्तनातले, म्हणून बुक्का. फ्रिजला लावला, मिक्सरला लावला, सुशीलच्या गाडीला तर एवढा लावला की सर्व्हिसिंगवाल्यानं ग्रीस समजून पुसून काढला. प्रशिक शिडीवर चढून केबल न्यायचा छतातला पाइप पाहत होता, तेवढ्यात चंपतरावांनी केबल देवघरात नेली, विठ्ठलापुढं ठेवली आणि बुक्क्याची चिमूट घेतली. केबलचं कपाळ कुठलं? त्यांनी विचार केला आणि दोन्ही टोकांच्या धातूच्या तोंडांवर अंगठ्यानं दाबून, मनापासून बुक्का लावला.

प्रशिकचाही एक नेम होता. जमिनीवर चालवून पाहिल्याशिवाय केबल पाइपात टाकायची नाही. त्यानं हॉलभर केबल पसरून दोन्हीकडं जोडली. पडद्यावर पांढरे ठिपके नाचले, मग निळं झालं, मग काहीच नाही.

"आत्ता तर दुकानात चालली!" प्रशिक मटकन खाली बसला.

रविवारी सकाळी तो दुसऱ्या बनावटीची केबल घेऊन आला. तीही दुकानात तपासून. चंपतरावांना वाटलं, काल आपण घाईत नमस्कार केला, देवाला आवडलं नसेल. या वेळी त्यांनी दुप्पट बुक्का लावला.

या वेळी ठिपकेसुद्धा आले नाहीत.

दीड वाजला. मिनल चहा घेऊन आली. "बाबा, हॉलमधल्या टीव्हीवरच दाखवू ना. पेन ड्राइव्ह तर तिथंही लागते."

"बुवांचे डोळे अधू झाले वं पोरी. टीव्हीवर ते वीतभर दिसतीन. मले ते माणसाएवढे, उभे दिसाले पाहिजेत." एवढं बोलून चंपतरावांनी घड्याळाकडं पाहिलं आणि ते हळूच म्हणाले, "राहू दे. टीव्हीच लावू. उद्या तर ते जातीन." आणि त्यांनी सकाळी काढून ठेवलेली झांजेची पिशवी खुंटीला परत अडकवली.

प्रशिकनं कपाळावरचा घाम पुसला. मिनलनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिला खुदकन हसू फुटलं.

"प्रशिकदादा, तुम्हाले बुक्का कोणी लावला?"

"मले? मी कायले लावू?" प्रशिकनं आपली बोटं पाहिली. काळी. केबलचं टोक नाकाशी नेलं. सुगंधी. मग तो सावकाश देवघराकडं वळला. तिथं चंपतराव विठ्ठलाआड लपता येईल का ते पाहत असल्यासारखे उभे होते.

"काका?"

"नवी वस्तू होती ना गा."

"दोन्हीले लावला?"

"दुसरीले जरा जास्तच लागला."

प्रशिक हसता हसता शिडीला धरून बसला. "काका, या तोंडात एकोणीस बारीक पिना राह्यते. बुक्क्यात कोळशाची पूड. पिनांची अशी काही जुळवाजुळव केली तुम्ही, का चित्राले वाटच सापडून नाही राहिली! पेटीच्या आणि प्रोजेक्टरच्या तोंडातही तोच प्रसाद असन."

मग काय विचारता! स्पिरिट आलं, मिनलचा नवाकोरा मऊ ब्रश आला, हवा मारायचा पंप आला. तिघांनी मिळून केबलची, पेटीची आणि प्रोजेक्टरची तोंडं अशी धुतली, जशी आई जेवल्यावर लेकराचं तोंड पुसते. वाळली, जोडली, आणि कालची, पहिलीच काचेची केबल लख्ख चालली. पडद्यावर बुवा उभे राहिले, माणसाएवढे.

"थांब गा," केबल पाइपात जाण्याआधी चंपतराव चाचरत म्हणाले. "तिले बिनबुक्क्याची कशी पाठवू?"

"मधोमध लावा काका. पोटावर. तिथं काही होत नाही."

साडेतीनला केबल पाइपात गेली. चारला बुवा आले.

त्यांना पहिल्या खुर्चीत बसवलं. पडद्यावर पंचवीस वर्षांपूर्वीचे शालिकरामबुवा गायला लागले, मागं काळ्या केसांचे चंपतराव झांज वाजवत होते. म्हातारे बुवा आधी दगडासारखे बसले. मग बोटं हलली. मग त्यांनी मागं न पाहता हात पसरला. चंपतरावांनी खुंटीवरची पिशवी काढून झांज त्या हातात दिली. आणि काय सांगू, बुवा उभे राहिले आणि स्वतःच्याच कीर्तनाला झांज वाजवू लागले! एक ठोका चुकला नाही. उत्तररंगात स्वतःच्याच विनोदाला सगळ्यांच्या आधी हसले. हसण्याला आवाज नव्हता, पण खांदे गदगदत होते.

शेवटी पडद्यावरचे बुवा म्हणाले, "ज्यानं कर्णा बांधला, त्याची आठवण ठेवा."

झांज थांबली. बुवांनी चंपतरावांना जवळ ओढलं आणि कानात कुजबुजले, "आज कर्णा कोणी बांधला?"

प्रशिक स्वयंपाकघरात पोहे खात होता. चंपतरावांनी त्याला तसाच, बशीसकट, हाताला धरून आणला. बुवांनी त्याला वाकून नमस्कार केला.

"अहो बुवा, मी तर केबल टाकली फक्त," म्हणत प्रशिक बशी कुठं ठेवावी ते शोधत राहिला.

बुवा आता रायपूरला असतात, मजेत. पण त्यांचं शेवटचं वाक्य माझ्याकडं राहिलं आहे, ते तुमच्या पदरात घालतो. कुठं मोठ्या पडद्यावर चित्र लख्ख उमटलं, आवाज स्वच्छ आला, तर माझं नाव विसरलात तरी चालेल. छतातल्या पाइपात बारा मीटर केबल सरकवणाऱ्या आमच्या प्रशिकची आठवण काढा.