हिरव्या ताडपत्रीचा नमुना

झिंगराजी विदर्भातून रायपूरला आले ते रेल्वेच्या मालधक्क्यावर फाटक्या ताडपत्र्या शिवायला. त्यांचे चिरंजीव नथ्थूजी यांनी गुढियारीत स्वतःचे दुकान मांडले आणि बापाचा दाभण देवाच्या तसबिरीशेजारी टांगला. नथ्थूजींचे श्यामराव, त्यांच्या टाक्याची ख्याती अशी, की व्यापारी त्यांची शिवण डोळे मिटून बोटांनी ओळखत. आणि श्यामरावांचा शेखर. त्याने दाभण सोडून बंदूक धरली, सतरा वर्षे फौजेत काढली, सीमेवरच्या एका सुरुंगाला डावा पाय गुडघ्याखाली देऊन टाकला, आणि घरी येऊन पुन्हा दाभणच हाती घेतला.

भनपुरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचे दोन भागीदार होते, दोघेही माजी सैनिक. सचिनचा एक डोळा गेलेला; शालिग्रामचे दोन्ही कान तोफांनी नेलेले. माल असा की दृष्ट लागावी, पण घ्यायला गिऱ्हाईक नव्हते. अशात धान साठवणाऱ्या एका सरकारी कार्यालयाने चारशे ताडपत्र्यांची निविदा काढली आणि ती दिव्यांग माजी सैनिकांच्या लघुउद्योगांसाठी राखून ठेवली. हे काम मिळाले तर शेड टिकेल, नाही मिळाले तर तिघांनी एटीएमसमोर स्टूल टाकून पहारा करायचा, असा ठराव तिघांनी एकमताने केला. शालिग्रामला तो दोनदा ओरडून सांगावा लागला, तरी एकमतच.

शेखरच्या आधीच्या दोन निविदा पहिल्याच चाळणीत बाद झाल्या होत्या. म्हणून कोणी तरी त्याला पुरानी बस्तीतल्या विनोदिनीबाईंचा पत्ता दिला.

विनोदिनीबाई पंचाहत्तरीच्या, अविवाहित, आणि एका सरकारी कार्यालयाच्या खरेदी शाखेतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेल्या. एके काळी त्यांच्या नुसत्या चष्मा पुसण्याने ठेकेदारांचे घसे कोरडे पडत. एका पानावर सही राहिली, निविदा बाद. शिक्का तिरका पडला, निविदा बाद. निविदा कशी बाद करावी हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. म्हणजे ती कशी बाद होऊ नये, हेही त्यांनाच ठाऊक असणार.

"नाव?" त्यांनी दारातच विचारले.

"शेखर, काकू. गुढियारीचे श्यामराव ताडपत्रीवाले, त्याइचा पोरगा."

विनोदिनीबाईंनी दाराची चौकट धरली. अंगणात त्यांची जुनी स्कूटर उभी होती आणि तिच्यावर एक हिरवी ताडपत्री होती. पस्तीस वर्षांच्या पावसाने तिचा रंग उतरवला होता, पण एक थेंब आत जाऊ दिला नव्हता. ती ताडपत्री श्यामरावांनी निविदेसोबत दिलेला नमुना होता. त्या वर्षीचा सर्वांत उत्तम नमुना. आणि निविदा? तिच्या पहिल्या पानावर हळदकुंकवाचा डाग होता. तेव्हा चाळिशीतल्या विनोदिनीबाईंनी फायलीवर ठसठशीत अक्षरांत टीप लिहिली: डागाळलेला कागद ग्राह्य नाही, बदलूनही घेता येणार नाही. असा नियम कोणत्याही पुस्तकात नव्हता. तो त्यांना त्या दिवशी सुचला होता. श्यामराव पुन्हा सरकारी कचेरीची पायरी चढले नाहीत, त्यांनी नमुनाही मागितला नाही. एका पावसाळी संध्याकाळी बाईंनी तो 'आजच्यापुरता' स्कूटरवर टाकला. ते 'आज' अजून संपले नव्हते.

"आत ये," त्या म्हणाल्या. "आणि त्या स्कूटरकडे बघू नकोस."

"काहून, काकू?"

"मी सांगते म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून कवायत सुरू झाली. शेखरने भरलेला अर्ज बाईंनी लाल पेन घेऊन वाचला.

"अनुभवाच्या रकान्यात काय लिहिलंयस? 'सतरा वर्षे, शत्रूसमोर'?"

"खरंच हाये ना, काकू."

"ताडपत्रीचा अनुभव विचारलाय. शत्रूला ताडपत्री विकलीस का? आणि हे मनुष्यबळ: 'तीन माणसे, पाच पाय, पाच डोळे'. हे कोणी लिहिलं?"

"सचिनने. म्हणे, माहिती पूर्ण द्यावी."

"त्याला सांग, सरकार माणसं मोजतं, अवयव नाही. पुन्हा लिही."

शेखरने तीनदा लिहिले. प्रत्येक पानावर सही करताना तो ताठ बसे आणि सही झाली की नकळत हात कपाळाकडे जाई. महिनाभराने गठ्ठा असा सिद्ध झाला, की त्यात चूक शोधताना खुद्द बाईंना घाम फुटला. "उद्या सकाळी सायबर कॅफेत स्कॅन करून पोर्टलवर चढव," त्यांनी फर्मावले. "तोवर या कागदांना कोणीही हात लावायचा नाही."

कोणीही म्हणजे कोणीही. पण शेखरची आई वनमालाबाई स्वतःला या 'कोणी'त धरत नसे.

आठ दिवसांनी पोर्टलवर उत्तर आले. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरील क्रमांक व टक्केवारी अवाच्य. सदर डागाळलेला कागद ग्राह्य नाही. हरकत असल्यास दोन दिवसांत समक्ष मांडावी.

विनोदिनीबाई रिक्षा करून गुढियारीला आल्या. मूळ प्रमाणपत्र पाटावर होते आणि त्याच्या ऐन मध्यावर हळदकुंकवाचे एक भरघोस बोट उमटले होते. रंगीत कागदावर ते शोभिवंत दिसे. पण हात लावायचा नाही म्हणून शेखरने गठ्ठा न उघडताच सायबर कॅफेवाल्याला दिला होता आणि त्याच्या काळ्यापांढऱ्या यंत्रातून ते डांबराच्या गोळ्यासारखे उतरले होते.

"हे कोणी केलं?"

"म्या केलं," वनमालाबाई म्हणाली. "कागद एक रात्र देवापुढे ठेवला. शुभकामाले जाऊन राहिला, अन् कोरा जाऊ देऊ?"

"आई, काकूनं सांगतलं होतं ना, हात लावू नको!" शेखर कळवळला.

"तू चूप रे पोट्ट्या. तुले काय माहीत? तुझ्या बाबांच्या कागदाले म्या इवलुसं लावलं होतं, नखाएवढं. त्यात कंजुषी केली म्हणून देव रागावला अन् काम गेलं. पस्तीस वर्षं माझ्या जिवाले ते लागून राहिलं. म्हणून ह्या वेळी चांगलं अंगठाभर लावलं!"

ज्या बाईच्या जिभेला उभ्या आयुष्यात शब्द कमी पडला नव्हता, तिला पाणी मागावे लागले. पाणी पिऊन त्या एवढेच म्हणाल्या, "उद्या कार्यालयात जायचं. तुम्हीही चला."

कार्यालयात खुर्चीवर मंजिरी होती. पंचवीस वर्षांपूर्वी ती बाईंच्या हाताखाली कनिष्ठ लिपिक होती आणि मग बदलीने इकडे आली. आता ती शाखाप्रमुख होती, पण बाईंना पाहताच उठून उभी राहिली.

"मॅडम, बसा. पण खरं सांगू? तुम्हीच आम्हाला शिकवलं. डागाळलेला कागद ग्राह्य नाही."

"मी शिकवलं ते मला माहीत आहे."

"अन् टक्केवारी तर दिसतच नाही. कागदोपत्री हे भैया अपंग आहेत, असं सिद्धच होत नाही."

शेखरने पँटचा पाय वर सारला, पट्टे सोडले आणि कृत्रिम पाय, बुटासकट, टेबलावर उभा केला.

"मॅडम, ही मूळ प्रत. साक्षांकित करून घ्या."

"शेखर, पाय खाली घे," विनोदिनीबाई कडाडल्या. "सरकारी टेबल आहे. आता कोणी तरी त्याच्यावर आवक क्रमांक टाकेल." मग त्या मंजिरीकडे वळल्या. "नियम कुठे लिहिलाय, तो दाखव."

मंजिरीने कपाटातून एक जाडजूड फाइल काढली. तिच्यात छायाप्रतींच्या छायाप्रती होत्या. एका कार्यालयातून दुसऱ्यात, एका साहेबाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या. शेवटी एक पुसट पान निघाले. खाली सही होती, तिरकी, पल्लेदार, तोऱ्याची.

"ही तर तुमचीच सही, मॅडम."

"होय. याच्या मागे दुसरा कागद आहे का? शासनाचा आदेश? परिपत्रक?"

मंजिरीने पान उलटले. मागे काही नव्हते. "मॅडम, इतकी वर्षं आम्ही हे पान पाहून लोकांना बाद केलं."

"कोरा कागद दे. आणि पेन."

विनोदिनीबाईंनी लिहिले आणि लिहिलेले मोठ्याने वाचले, कारण वनमालाबाईला ते ऐकवायचे होते. 'सदर टीप मी कोणत्याही नियमाच्या आधाराविना, केवळ माझ्या अधिकाराच्या तोऱ्यात लिहिली. तिच्यामुळे गुढियारीचे श्यामराव यांची निविदा, नमुना सर्वोत्तम असूनही, बाद झाली. दोष कागदावरील कुंकवाचा नव्हता, माझा होता. सदर टीप मी मागे घेत आहे.'

"निवृत्त माणसाला टीप मागे घेता येते का, मॅडम?" मंजिरीने चाचरत विचारले.

"येत नाही असा नियम दाखव. आणि तोही माझ्याच सहीचा असेल, तर तोही मागे घेते."

मंजिरी कागद घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांनी खरे नियमपुस्तक उघडले, बहुधा प्रथमच, आणि त्यात अगदी स्वच्छ लिहिले होते की अवाच्य प्रमाणपत्राची नवी प्रत मुदतीत मागवून घ्यावी. संध्याकाळपर्यंत सैनिक कल्याणच्या कार्यालयातून ताजी प्रत आली. तिला घरापर्यंत जाऊ न देता शेखरने वाटेतच जमा केली.

कार्यालयाच्या पायऱ्यांवर वनमालाबाई थांबली.

"बाई, पस्तीस वर्षं मी देवाले दोष देऊन राहिली. अन् दोष तर इथं खुर्चीवर बसला होता."

"होय," विनोदिनीबाई म्हणाल्या.

"शेखरचे बाबा गेले ते हेच मनात घेऊन गेले, की आपल्या टाक्यात काही कमी होतं."



"आता तुमच्याशी बोलायचं तर ऑर्डर आल्यावर बोलीन," वनमालाबाईने सांगितले आणि ती रिक्षात एकटीच बसून निघून गेली.

नमुन्याची चाचणी कार्यालयाच्या आवारात झाली. चार खांबांवर ताडपत्री ताणली, खाली शालिग्रामला वर्तमानपत्र देऊन बसवले आणि वरून बादल्या ओतायला सुरुवात केली. दहा मिनिटांची चाचणी होती. दहा मिनिटांनी साहेबांनी त्याला बाहेर बोलावले. शालिग्राम वाचत राहिला. पुन्हा बोलावले, त्याने पान उलटले. शिपायाला वाटले, चाचणी चालूच आहे. तो ओततच राहिला. पाऊण तासाने टाकीतले पाणी संपले, तेव्हा शालिग्राम शेवटचे पान वाचून, घडी घालून, कोरडा ठणठणीत बाहेर आला आणि म्हणाला, "कब सुरू होही, साहेब?"

आणखी दोन उद्योगांचे नमुने होते. त्यांच्याखाली बसलेली माणसे तिसऱ्याच मिनिटाला उठली होती.

चारशे ताडपत्र्यांचा पुरवठा आदेश शुक्रवारी निघाला. सचिनने एटीएमपुढे टाकायला म्हणून आणलेले लाकडी स्टूल शिलाई मशीनपुढे ठेवले.

शनिवारी सकाळी विनोदिनीबाई गुढियारीच्या घरी आल्या. तिकडे पुरानी बस्तीत त्यांच्या अंगणात स्कूटर प्रथमच उघडी उभी होती. हातात हिरव्या कापडाची धुऊन, वाळवून, काटेकोर घातलेली घडी होती आणि तिच्यावर पोचपावती.

"नियमाप्रमाणे निविदेचा नमुना मालकाला परत द्यायचा असतो," त्या उभ्या राहूनच म्हणाल्या. "हा श्यामरावांचा आहे. पस्तीस वर्षं माझ्याकडे राहिला. एकदाही गळला नाही. त्यांच्या टाक्यात काहीही कमी नव्हतं, वनमालाबाई. हे मी त्यांना सांगायला हवं होतं."

वनमालाबाईने घडी मांडीवर घेतली. तिने डोळे मिटले आणि शिवणीवरून बोटे फिरवली, एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत. बराच वेळ लागला.

"त्याइचाच टाका हाये," ती म्हणाली. मग पदराने डोळे पुसून ती उठली आणि देवाजवळचा करंडा घेऊन आली.

"उभ्या काहून? बसा. पावतीवर सही पायजे ना?"

"पाहिजे."

वनमालाबाईने बोट कुंकवात बुडवले. विनोदिनीबाईंचा हात सवयीने पुढे झाला, कागद ओढून घ्यायला. तो अर्ध्यावर थांबला. त्यांनी पावती पाटावर सरळ केली आणि तिचे चारही कोपरे बोटांनी दाबून धरले.

"लावा," त्या म्हणाल्या. "चांगलं अंगठाभर लावा."

वनमालाबाईने लावले. खाली शेखरने लिहिले, नमुना मिळाला, काही येणे बाकी नाही. आणि सही करून, सवयीप्रमाणे, सलाम ठोकला.